बॅगेत जागा आहे ना?

प्रवासाला निघणाऱ्या माणसाजवळ सामान किती असावं, या विषयावर क्रिस्पुलो मागबानुआ यांची मतं ठाम होती. दोन शर्ट, दोन चड्ड्या, एक टॉवेल आणि दात घासायचा ब्रश. बाकी सगळी हाव. निवृत्त झाल्यापासून हे ते गावात भेटेल त्याला ऐकवत असत आणि भेटणारा मान डोलावून दुसरीकडे बघत असे.

हे शहाणपण त्यांना सुचलं ते गावच्या धक्क्यावर उतरणाऱ्या परदेशी पोरापोरींकडे बघून. पाठीवर एक बॅग अडकवून ही मंडळी वर्षवर्ष फिरतात. कुठे चाललात, कधी येणार आणि येताना काय आणणार, असं त्यांना कुणी विचारत नाही. नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी खात्यात चौतीस वर्षं एकच खुर्ची उबवलेल्या माणसाला याचं अप्रूप वाटणं साहजिक होतं. मग त्यांनी जुन्या कपड्यांच्या दुकानातून एक लाल बॅग पैदा केली. तिच्या झाकणावर आधीच्या मालकानं काळ्या शाईत ठसठशीत 'युर्गेन' असं लिहून ठेवलं होतं.

"मेला असेल तो," बायको लुर्देस बॅगेकडे बघत म्हणाली.

"कशानं?"

"ही बॅग उचलून."

मागबानुआंनी तिकडे दुर्लक्ष केलं. त्यांचा बेत पक्का होता. इलोइलोहून बोटीनं मानिला, तिथे तेओला बरोबर घ्यायचं आणि बसनं सरळ उत्तरेला, बुर्गोसच्या दीपगृहापर्यंत. तेओफिलो साराबिया हा त्यांचा तरुणपणापासूनचा दोस्त. दोघं एका खोलीत राहायचे तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर या दीपगृहाचं चित्र होतं. वर्ष संपलं तरी ते कॅलेंडर दोघांनी उतरवलं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात नक्की जाऊ, असं म्हणता म्हणता एकोणचाळीस उन्हाळे गेले. हा चाळिसावा मात्र पुढे ढकलता येणार नव्हता. तेओची मुलगी कॅनडात विनिपेगला असते. तिनं बापाचे कागद पूर्ण केले होते आणि येत्या मंगळवारी तेओ कायमचा तिकडे चालला होता. गुरुवारी सकाळी बोट मानिलाला लागणार, शुक्रवारी सकाळी सहाची बस, सोमवारी परत. अगदीच काही आडवं आलं तर शनिवारची बस. त्यानंतर काही नाही.

"मी टोपी घेतलीय," तेओनं फोनवर सांगितलं होतं. "मोठ्या काठाची. हनुवटीखाली दोरी आहे. तिथे वारा फार असतो म्हणतात."

बेत असा सुटसुटीत होता. तो बिघडला तो शेजारच्या मानांग पासिंग यांच्यामुळे. मानांग म्हणजे थोरली बहीण, आणि आमच्याकडे वयानं मोठी दिसणारी प्रत्येक बाई मानांगच असते. तसाच प्रत्येक मोठा पुरुष मानोंग, आणि क्रिस्पुलोचं लाडकं रूप इपोंग. मानांग पासिंग कुंपणावरून डोकावल्या आणि म्हणाल्या, "मानोंग इपोंग, मानिलाला चाललात म्हणे. बॅगेत जागा आहे ना?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझं एवढं घेऊन जाल का, असं आमच्याकडे कुणी कधी विचारत नाही. इतकं उद्धट कुणी नसतं. फक्त जागेची चौकशी करतात. आता जागा आहे की नाही हे बॅगेकडे बघून कुणालाही दिसतं, आणि असलेली जागा नाही म्हणून सांगणं म्हणजे समोरच्याच्या आईला आपल्या मनात जागा नाही असं सांगणं. मागबानुआंची बॅग तर पन्नास लिटरची होती आणि आत दोन शर्ट होते.

गंमत अशी की कचेरीत नकार देण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. "हा शिक्का नाही. उद्या या." "उद्या आलात, पण झेरॉक्स एकच आणलीत." लोक रडले, पाया पडले, आमदाराची चिठ्ठी घेऊन आले, तरी खिडकीआड बसलेले मागबानुआ बधले नाहीत. पण ती खिडकी सरकारची होती. ती समोरून गेल्यावर त्यांच्या तोंडून नाही हा शब्द फुटेनासा झाला.

मानांग पासिंगच्या लेकीसाठी खरपूस टोस्टचा डबा आला, म्हणजे एकच डबा, पण पत्र्याचा आणि उशीएवढा. तो बॅगेत गेल्याचं कळल्यावर औषधवाल्याला मानिलातला भाऊ आठवला. त्या भावासाठी गिनामोसची, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीच्या चटणीची, दोन किलोची बरणी. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी सुकटीचं पुडकं दिलं. माजी महापौरांनी पंधरा आंबे पाठवले, सोबत त्यांचा स्वतःचा फोटो, चौकटीसह. निघायच्या दिवशी मानांग चोलेंग आल्या. त्यांच्या पणतवाचा शनिवारी बाप्तिस्मा होता आणि त्यांनी स्वतः शिवलेला पांढरा झगा त्याच्या अंगावर जायलाच हवा होता. त्या रडल्यासुद्धा. एकूण अकरा डाग झाले. मागबानुआंचा एक शर्ट त्यासाठी बाहेर काढावा लागला.

"अकराच घरं," ते लुर्देसला म्हणाले. "गुरुवारचा अख्खा दिवस आहे. दारात द्यायचं, नमस्कार करायचा, निघायचं."

लुर्देस नुसती हसली. लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर बायका असं हसतात.

तेओच्या घरी उतरायचं नव्हतं, कारण त्याला निरोप द्यायला आलेल्या नातेवाइकांनी ते आधीच भरलं होतं. शिवाय परदेशी कायमचं जाणाऱ्यांसाठी सरकार जी शिबिरं भरवतं तिथे तेओ गुरुवारी अडकला होता. "तू आधी ओझं उतरव," तो म्हणाला. "शुक्रवारी सकाळी थेट बसअड्ड्यावर भेटू." म्हणून मागबानुआंनी मानिलाच्या मालाते भागात पाठीवरच्या बॅगवाल्या पोरांसाठी असते तशी एक खाट भाड्यानं घेतली होती. आठ खाटा, एक पंखा आणि त्या पंख्याची मर्जी. मानिलात एप्रिल महिन्यात आंघोळ करून अंग पुसावं तर टॉवेलखालीच घाम सुटतो. खालच्या खाटेवर हॉलंडची एक पोरगी पडली होती. तिनं त्यांची बॅग बघितली आणि ती उठून बसली.

"काका, किती महिने फिरताय?"

"सहा दिवस," मागबानुआ म्हणाले.

तिनं आपली बॅग एका बोटानं उचलून दाखवली. आठ महिने, नऊ किलो. मागबानुआंनी स्वतःची बॅग खाटेखाली सरकवायचा प्रयत्न केला. ती सरकली नाही, खाटच सरकली.

पहिलं घर मानांग पासिंगच्या लेकीचं, डॅफ्नीचं. ती एका तीस मजली इमारतीत राहायची आणि त्या इमारतीच्या दाराशी एक पहारेकरी होता.

"ओळखपत्र?"

मागबानुआंनी रुबाबात नगरपालिकेचं कार्ड पुढे केलं. पहारेकऱ्यानं ते दोन्ही बाजूंनी वाचलं. "यावर निवृत्त असा शिक्का आहे."

"आहेच. मी निवृत्त झालोय."

"म्हणजे तुम्ही कोण होतात ते यावरून कळलं," पहारेकरी शांतपणे म्हणाला. "आता कोण आहात?"

चौतीस वर्षांत हा प्रश्न मागबानुआंनी स्वतः कुणाला विचारला नव्हता याचं त्यांना वाईट वाटलं. फार चांगला प्रश्न होता. वहीत नाव, वेळ, कारण, डब्यात काय आहे, टोस्ट असतील तर किती, असं सगळं लिहून झाल्यावर पहारेकऱ्यानं वरती फोन लावला. डॅफ्नी रात्रपाळी करून झोपली होती. ती उठेपर्यंत नियमाप्रमाणे थांबणं भाग होतं. डबा पहारेकऱ्याकडे ठेवून जाता आलं असतं, पण आमच्याकडे डबा ठेवून जात नाहीत. डबा हातात द्यायचा असतो आणि घेणाऱ्याचा चेहरा कसा झाला हे देणाऱ्याला सांगायचं असतं.

दोन तासांनी डॅफ्नी खाली आली, डबा बघून रडली आणि त्यांना वर घेऊन गेली. लगेच आईला फोन लागला, चित्रासकट.

"बघा किती वाळलीय!" मानांग पासिंग तिकडून ओरडल्या. "मानोंग, ती काही खात नाही. तुमच्यासमोर जेवू दे तिला. ती जेवल्याशिवाय उठू नका!"

मागबानुआ बसले. पोरगी भात शिजवायला लागली, मग मासे तळायला लागली. एकट्या पोरीला जेवताना बघत बसणं बरं दिसत नाही म्हणून तेही जेवले. निघताना तिनं आईसाठी एक पिशवी दिली. त्यात साबण, डबाबंद मांस आणि एक जाड ब्लँकेट होतं. डबा देऊन बॅग आणखी जड झाली.

दुसऱ्या घराचा पत्ता 'बास्केटबॉलच्या मैदानामागे, जिथे पूर्वी बेकरी होती' असा होता. बेकरी नव्हतीच, आणि त्या भागात बास्केटबॉलची मैदानं मात्र चार होती. शेवटी वस्तीच्या कार्यालयात गेल्यावर तिथल्या बाईंनी आधी त्यांना इथले रहिवासी नसल्याचा दाखला आणायला सांगितला. असा दाखला कुणी देत नाही हे मागबानुआंना चांगलं ठाऊक होतं, कारण तो कधी कुणाला मिळू नये अशी व्यवस्था त्यांनीच गावात केली होती. संध्याकाळ होईस्तोवर तीन घरं झाली. तीन जेवणं झाली, तिन्हीकडे पानसित होतं, आणि पानसित टाकून उठायचं नसतं, कारण त्या लांब शेवयांमध्ये यजमानाचं आयुष्य असतं.

त्यांनी तेओला फोन केला. "पारे," ते म्हणाले, तेओ त्यांच्या थोरल्या मुलाचा धर्मपिता असल्यामुळे दोघं एकमेकांना असंच म्हणत, "उद्या काही जमत नाही."

"मला वाटलंच होतं," तेओ हसला. "तुला कुणी उंबऱ्यावरून सोडलंय कधी? परवा जाऊ. शनिवार आहे की."

"शनिवारी नक्की."

"मी टोपीवरची किमतीची चिठ्ठी अजून काढलेली नाही. बसमध्ये बसल्यावर काढीन."

शुक्रवारी मागबानुआंनी धोरण बदललं. आज कुठे बसायचं नाही. उन्हात उभं राहायचं, वस्तू द्यायची, पोट बिघडलंय म्हणून सांगायचं. हे धोरण दुपारी बारापर्यंत चाललं आणि पाच घरं झाली, त्यातल्या दोन घरी पोटासाठी पेजही खावी लागली. मग जीपनीत, म्हणजे समोरासमोर बाकांच्या प्रवासी गाडीत, औषधवाल्याच्या बरणीनं दगा दिला. दोन दिवसांच्या उकाड्यानं आतला माल फुगला होता. फट्ट करून झाकण उडालं आणि कोळंबीची जांभळी चटणी बॅगेवर, मागबानुआंच्या मांडीवर आणि शेजारच्या बाईंच्या पर्सवर पसरली.

क्षणभर गाडीत कुणी श्वास घेतला नाही.

"माफ करा," मागबानुआ म्हणाले. नोंदणी अधिकाऱ्याच्या पँटवर कोळंबी असताना माणूस दुसरं काय म्हणणार?

समोरचा एक म्हातारा पुढे झुकला, नाक हलवलं आणि विचारलं, "पनाय बेटावरची का?"

"इलोइलोजवळची."

"वाटलंच." त्यानं पिशवीतून कैरी काढली, चाकू काढला, फोड केली आणि बरणीत बुडवली. "वा! आमची आई अशीच करायची." मग कैरी हातोहात फिरली. पर्सवाल्या बाईंनीसुद्धा घेतली. माणसं आपले थांबे सोडून पुढे गेली पण बरणी सोडेनात. औषधवाल्याच्या भावाच्या हातात जेव्हा ती पडली तेव्हा पाव उरली होती. त्यानं बरणी उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, "दादानं एवढीच दिली?" तो भाऊ अजूनही औषधवाल्याशी बोलत नाही, असं ऐकतो.

माजी महापौरांचा फोटो पोचवून दहा डाग झाले आणि आता एकच उरला. मानांग चोलेंगचा झगा. घर शहराच्या पार उत्तरेला होतं, नोवालिचेसमध्ये, तिथे पोचेपर्यंत सहा वाजले. मागबानुआंचं मन हलकं झालं होतं. झगा द्यायचा, परत फिरायचं, सकाळी सहाला बस.

त्या घरात मात्र सुतक पडल्यासारखी शांतता होती. बाळ मजेत होतं. झगाही सगळ्यांना आवडला. अडचण धर्मपित्याची होती. तो बोटीवर कामाला होता आणि त्याची बोट सिंगापूरला अडकली होती. सकाळी आठला बाप्तिस्मा, पाद्री ठरलेला, डुक्कर भाजायला सांगितलेलं आणि धर्मपिता समुद्रात.

बाळाच्या आजीनं मागबानुआंकडे बघितलं. मग बापानं बघितलं. मग सगळ्या घरानंच बघितलं.

"मानोंग," आजी हळूच म्हणाली, "झगा तुम्हीच घेऊन आलात. काहीतरी असेल ना त्यात."

"मला उद्या सहाची बस..."

"बाप्तिस्म्याला नाही म्हणू नये हो. बाळाला बाधतं."

हे आमच्याकडे सगळे मानतात. न मानणारेही त्या बाबतीत धोका पत्करत नाहीत. आईनं बाळ मागबानुआंच्या हातात दिलं. दीड महिन्याचा जीव, त्यानं त्यांचं बोट धरलं आणि सोडेना. बसअड्डा, दीपगृह, तेओ, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर स्पष्ट होतं. नाही हा एक शब्द पुरला असता. कचेरीत तो त्यांनी दिवसातून साठ वेळा उच्चारला होता.

"बरं," ते म्हणाले.

अंगणात जाऊन त्यांनी फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"पारे? ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," तेओ म्हणाला. "बरोबर केलंस. लेकरू आहे ते."

"बसचं..."

"बस काय, रोजच सुटते."

तेओनं फोन ठेवला नाही. मागबानुआंनीही ठेवला नाही. दोघं पंखा ऐकत राहिले, मग फोनमधली शिल्लक संपली.

शनिवारी सकाळी चर्चच्या कचेरीत समजलं की शिबिर केल्याशिवाय धर्मपिता होता येत नाही. बाकीच्यांनी ते महिनाभर आधी केलं होतं. वही पुढ्यात घेऊन बसलेल्या बाईंनी साडेसहाला मागबानुआंना एकट्याला बाकावर बसवलं आणि धर्मपित्याची कर्तव्ये वाचायला घेतली. पावणेसातला मागबानुआंनी घड्याळ बघितलं. बस सुटून पाऊण तास झाला होता.

"बाई, मी सही करतो. बाकीचं वाचलं असं समजा."

"दीड तास म्हणजे दीड तास," बाई मान वर न करता म्हणाल्या. "नियम आहे. आपल्यासारख्यांनी तरी असं म्हणू नये."

त्या आवाजात राग नव्हता. अगदी हाच आवाज मागबानुआ चौतीस वर्षं काढत आले होते आणि खिडकीच्या या बाजूला तो असा ऐकू येतो हे त्यांना आज कळलं. त्यांना एकदम त्या सगळ्या माणसांची आठवण झाली, ज्यांना त्यांनी उद्या या म्हणून सांगितलं होतं. त्यांतल्या कुणाची ना कुणाची बस चुकली असणारच.

बाप्तिस्मा छान झाला. बाळाच्या आईला बॅगेवरचं नाव फार आवडलं, त्यामुळे नाव आयत्या वेळी लांबलं आणि जॉन पॉल युर्गेन झालं. मग जेवण झालं, गाणी झाली, धर्मपित्याला गायला लावलं. भाजलेल्या डुकराचं डोकं मानाचं म्हणून कागदात गुंडाळून त्यांच्या बॅगेत गेलं. ऊन इतकं होतं की म्हातारे जिथे बसले तिथेच झोपले आणि मागबानुआही झोपले.

रविवारी सकाळी ते पाकोला तेओच्या घरी पोचले तेव्हा दारातूनच गर्दी सुरू होत होती. मधल्या खोलीत वजनकाटा होता. काट्यावर खोकं, खोक्यावर तेओची बहीण नेनिता. विनिपेगमध्ये ज्याचा ज्याचा कुणी होता तो तो आला होता. "मानोंग तेओ, जागा आहे ना?" सुकी मासळी, लोणचं, कुणाच्या सुनेसाठी कुंकवाच्या रंगाची चप्पल, कुणा नातवासाठी बासरी. तेओ कोपऱ्यात खुर्चीवर बसला होता आणि प्रत्येकाला आहे, आहे म्हणत होता. त्याचे स्वतःचे कपडे बाजूला पलंगावर रचून ठेवलेले होते. त्यांच्यावर टोपी होती.

"आलास!" तो म्हणाला. "धर्मपिता आला बघा."

"पारे, मी..."

"बस आधी. काही खाल्लंस का?"

मागबानुआ स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तेव्हा नेनिता हातातली चिकटपट्टी तोडत मागे आली. ती कमी बोलणारी बाई. "काल पहाटे टोपी घालून गेला होता," ती म्हणाली. "बसअड्ड्यावर. मी म्हटलं, मानोंग इपोंग तर येणार नाहीत ना? म्हणाला, बस कशी असते ते बघून येतो. दुपारी आला."

"दुपारी?"

"तीन बसेस बघितल्या म्हणे. चांगल्या असतात म्हणाला." तिनं मागबानुआंच्या बॅगेकडे बघितलं. "आणि मानोंग, हे सगळं कुरिअरनं का नाही पाठवलं? दोन दिवसांत जातं. दारात नेऊन देतात. कुणी जेवायलासुद्धा बसवत नाही."

मागबानुआ पाणी प्यायले.

ते बाहेर येऊन तेओशेजारी बसले. इतके दिवस जे बोलायचं ठरवलं होतं ते बोलावं तर खोलीत पंधरा माणसं आणि काट्याचा आकडा मोठ्यानं वाचणारी एक भाची. "चुकलं माझं," ते शेवटी म्हणाले. "अकरा घरं केली. तुझं घर बारावं केलं. पहिलं करायला हवं होतं."

"मी कुठे तुला काही पोचवायला दिलं होतं?" तेओ म्हणाला. तो हसत म्हणाला, पण मागबानुआंना ते लागलं, कारण ते खरं होतं. चाळीस वर्षांत या माणसानं त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. म्हणूनच तो नेहमी उद्यावर गेला.

"टोपी ठेवायची राहिली तुझी," ते म्हणाले.

"तेवीस किलो झाले. आणि ती तिकडची टोपीच नाही. मुलगी म्हणते, तिथे अजून बर्फ आहे, लोकरीची आणून ठेवलीय." तेओनं टोपी उचलली, काठावरून बोट फिरवलं. किमतीची चिठ्ठी दोऱ्याला लोंबत होती. "उत्तरेला जायचं म्हणून घेतली. आता मी जातोय उत्तरेलाच म्हणा. जरा जास्तच उत्तरेला."

मग तो खाकरला. जन्मात कुणाकडे शब्द न टाकलेला माणूस जसा अवघडतो तसा अवघडला.

"इपोंग," तो म्हणाला, "तुझ्या बॅगेत जागा आहे का?"

मागबानुआ उठले. त्यांनी लाल बॅग मधल्या खोलीत आणली आणि सगळ्यांदेखत उपडी केली. साबण, ब्लँकेट, डबाबंद मांस, बिस्किटांचे पुडे, पाच पिशव्या कशाच्या ते आठवतही नव्हतं, आणि कागदातलं डुकराचं डोकं, सगळं जमिनीवर आलं. पाहुणे मागे सरकले.

"नेनिता," ते म्हणाले, "हे कुरिअरनं पाठव. डोकं इथेच खाऊन टाका." मग त्यांनी टोपी घेतली, आपला एकुलता एक शर्ट तिच्या आत घातला म्हणजे ती दबणार नाही, आणि बॅगेत ठेवली. चिठ्ठी काढली नाही.

"सोडून नाही यायची हां तिथे," तेओ म्हणाला. "नुसती दाखवून आण. वारा लागू दे. मग ठेव तुझ्याकडे."

"आणि तू घ्यायला ये."

"येईन की," तेओ म्हणाला. "पुढच्या उन्हाळ्यात."

दोघांपैकी कुणी हसलं नाही.

मंगळवारी पहाटे विमानतळावर जायला भाड्याची गाडी आली. चौदा माणसं आणि तेओची खोकी आत गेल्यावर मागबानुआंना जागा उरली नाही. तेओनं खिडकीतून हात बाहेर काढला होता, तो मागबानुआंनी धरला. कुणाचं तरी पुडकं कुणाच्या तरी मांडीवरून घसरत होतं, सगळे एकदम बोलत होते, आणि काय बोलायचं ते राहून गेलं. गाडी वळली तरी खिडकीतून हात दिसत होता.

ते तिथून चालत बसअड्ड्यावर गेले. उत्तरेकडे लाओआगला जाणारी सहाची बस उभी होती. तेओ म्हणाला तशी चांगली होती. शनिवारी तो कुठल्या बाकावर बसला असेल ते मागबानुआंनी उगाच शोधून बघितलं. बाक तीन होते, तिन्हीवर माणसं होती.

ते बसमध्ये खिडकीशी बसले आणि बॅग मांडीवर घेतली. तेवढ्यात एक म्हातारी दोरीनं बांधलेलं खोकं घेऊन वर चढली, चेहरे न्याहाळत आली आणि नेमकी त्यांच्यापाशी थांबली. अशा लोकांना बरोबर माणूस कळतो.

"मानोंग, लाओआगला ना? माझा लेक अड्ड्यावर येईल घ्यायला. एवढंसंच आहे. बॅगेत जागा आहे ना?"

मागबानुआंनी खोक्याकडे बघितलं. खरंच एवढंसंच होतं.

"नाही," ते म्हणाले.

म्हातारीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तिनं बॅगेकडे बोट दाखवलं. बॅग त्यांच्या मांडीवर निपचित पडली होती, युर्गेनच्या नावालासुद्धा घड्या पडल्या होत्या. "अहो, रिकामी तर आहे!"

"भरलीय," मागबानुआ म्हणाले.

म्हातारी काहीतरी पुटपुटली. आजकालच्या माणसांबद्दल असावं. मग ती पुढच्या बाकाकडे वळली. तिथे चष्म्याचा एक गृहस्थ होता, त्याच्या शेजारची जागा त्यानं वर्तमानपत्र टाकून कुणासाठी तरी धरून ठेवली होती. त्यानं खोक्याकडे पाहिलं, त्या जागेकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मग वर्तमानपत्र उचललं आणि खोकं तिथे ठेवून घेतलं.

मागबानुआंना त्याला काहीतरी सांगायचं होतं. पण बस सुरू झाली.